पिवळ्या पिनेचा इतिहास

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' कंपनीचा लोहमार्ग १८६७ साली भुसावळ-बडनेऱ्यावरून नागपूरला जाऊन पोहोचला. त्या वाटेवर, बडनेरा आणि धामणगाव यांच्या दरम्यान, हे दुसरे चांदूर येते. मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या आजही येथूनच जातात. गावांना नद्यांची, देवांची, झाडांची नावे पडतात. आमच्या गावाच्या नावाला मात्र एक जोडणी चिकटलेली आहे. बाहेरचे जग ज्या वाटेने आत आले, तीच या गावाची ओळख ठरली.

प्रस्तुत लेखाचा विषय रेल्वे नाही. परंतु तो जोडणीचाच आहे. होम थिएटरच्या रिसीव्हरला अँटेना आणि चित्राची निरनिराळी साधने कशी जोडतात, हे पाहता पाहता आम्हांला आमच्या परिसराचा एक इतिहास सापडला. तो येथे मांडावयाचा आहे.

आमच्याकडे 'होम थिएटर' म्हणजे पाच लहान बॉक्स आणि एक वूफर, असा सर्वसाधारण समज आहे. या सर्वांच्या मधोमध जे जड खोके असते, तो रिसीव्हर. समोरून पाहिले तर एक मोठे गोल बटण आणि काही दिवे, यापलीकडे त्यात पाहण्यासारखे काही नसते. मागची बाजू मात्र वेगळीच गोष्ट सांगते. तेथे तारा खोचण्याच्या जागांची दाटी असते. एका कोपऱ्यात रेडिओच्या अँटेनाची टोके, मध्ये लाल, पांढरी, पिवळी छिद्रे, आणि वरच्या ओळीत एचडीएमआयची चपटी तोंडे. ही सारी एका दिवशी जन्मलेली नाहीत. एखाद्या जुन्या टेकाडाचे उत्खनन करताना थरावर थर लागावेत, तसे प्रत्येक छिद्र वेगवेगळ्या काळातले आहे. हे थर जुन्याकडून नव्याकडे वाचत गेलो, तर चांदूरसारख्या तालुक्याच्या गावात बाहेरचा आवाज आणि बाहेरचे चित्र कोणत्या दिशांनी आले, ते दिसू लागते.

'रिसीव्हर' या शब्दाचा अर्थ घेणारा. आमचे गाव गेली पाऊणशे वर्षे घेतच आलेले आहे. ते कोठून घेतले, आणि या घेण्याच्या खटाटोपात गावाचे स्वतःचे असे काही मागे राहिले काय, हा आमचा प्रश्न आहे.

*

सर्वांत जुना थर रेडिओचा. रिसीव्हरच्या मागे 'एएम' असे लिहिलेली दोन लहान टोके असतात आणि खोक्यासोबत प्लॅस्टिकच्या चौकटीवर गुंडाळलेली एक तार मिळते. ही चौकट म्हणजे मध्यम लहरींचा अँटेना. बहुतेक लोक ती पिशवीतून बाहेरही काढत नाहीत. वस्तुतः वऱ्हाडाचा दूरच्या आवाजाशी पहिला घरगुती संबंध आला, तो या लहरींमुळेच.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. म्हणजे चांदूरच्या घरांत रेडिओ आला तेव्हा राजकीय नकाशाची आणि अँटेनाची दिशा एकच होती: पूर्व, किंचित ईशान्येला झुकलेली. १९५६ साली वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, राजधानी पश्चिमेला सुमारे सातशे किलोमीटर दूर गेली. पण रेडिओचा काटा नागपूरवरच राहिला. प्रशासन एका दिशेला आणि आवाज दुसऱ्या दिशेला, ही वऱ्हाडाची विभागणी रेडिओच्या काट्यावर अनेक वर्षे वाचता येत होती.

पुढे ५८५ किलोहर्ट्‌झवर ऐकू येणाऱ्या या केंद्राच्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर भरते. इतकी लांब लहर जमिनीला धरून प्रवास करते. टेकडी, झाडे, घरे यांना ती फारशी जुमानत नाही. म्हणून मध्यम लहरींसाठी घराच्या आत दोन खिळ्यांमध्ये ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टीही पुरत असे. बुधवारी रात्री सिलोनवरून हिंदी गाण्यांची 'बिनाका गीतमाला' ऐकावयाची, तर लघुलहरींसाठी अंगणात लांब तार बांधावी लागे. हा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि त्याने वऱ्हाडातल्या खेड्यांनाही दक्षिणेकडे कान लावायला शिकवले. ऐकण्यासाठी परवाना लागत असे. तो पोस्टात मिळे आणि वर्षाला त्याचे शुल्क भरावे लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यास ही परवाना-पद्धत गेली. घेण्यावरही कर होता, ही गोष्ट आता आमच्या विद्यार्थ्यांना खरी वाटत नाही.

*

दुसरा थर दूरचित्रवाणीच्या अँटेनाचा. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज कोणी रिसीव्हर घरी आणून त्याच्या मागे टीव्हीच्या अँटेनासाठी जागा शोधू लागला, तर ती बहुधा सापडणार नाही. रिसीव्हरवर जी गोल, पेचाची जागा असते, ती एफएम रेडिओची. टीव्हीचा अँटेना किंवा छत्रीची तार टीव्हीत अथवा सेट-टॉप बॉक्समध्ये जाते, आणि तेथून आवाज व चित्र वेगळ्या तारेने रिसीव्हरकडे येतात. अनेकांची पहिली चूक येथेच होते. म्हणून या थराचा मागोवा खोक्याच्या पाठीवर घेऊन भागत नाही. त्यासाठी छपरावर चढावे लागते.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासाबद्दल लिहिणारे बहुतेक लेखक सत्तरच्या दशकातल्या मुंबई केंद्राचे, तिथल्या 'गजरा' किंवा 'चिमणराव'सारख्या कार्यक्रमांचे, मोठ्या जिव्हाळ्याने स्मरण करतात. ते योग्यच आहे. मात्र 'महाराष्ट्राने पाहिले' असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा वऱ्हाडाला थोडे थांबावेसे वाटते. त्या दशकात मुंबईच्या लहरी चांदूरपर्यंत येणे शक्यच नव्हते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या 'एटीएस-६' या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' हा प्रसिद्ध प्रयोग झाला. सुमारे २४०० खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या छत्र्या उभारून थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती सहा राज्ये. त्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या मध्य प्रदेशातील काही खेड्यांना जे दिसले, ते वऱ्हाडाला दिसले नाही.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 'इन्सॅट-१ए' हा उपग्रह त्याच वर्षी काही महिन्यांत निकामी झाला. 'इन्सॅट-१बी' ३० ऑगस्ट १९८३ रोजी 'चॅलेंजर' यानातून सोडण्यात आला आणि तो टिकला. त्याच्या भरवशावर पुढील काही वर्षांत देशभर जिल्ह्याच्या गावांत लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. त्यांची शक्ती साधारण १०० वॅट, म्हणजे एका घरगुती दिव्याइतकी. ते उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उतरवून घेत आणि तोच आसपास पसरवीत. त्यांची खात्रीची पोच पंधरा-वीस किलोमीटर. त्यापुढे नशीब आणि बांबू. अमरावती चांदूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. आमचे गाव या दिव्याच्या उजेडाच्या कडेवर होते.

यामुळे दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी, की मराठी गावात दूरचित्रवाणी आली ती हिंदीतून आली. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहावरून राज्यभर दिसू लागायला आणखी काही काळ जावा लागला. दुसरी गोष्ट अशी, की कडेवर असल्यामुळे चांदूरला चित्र आयते मिळाले नाही, ते मिळवावे लागले. छपरावर उंच लोखंडी पाइप, त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, त्याखाली बूस्टरची लहानशी डबी आणि तेथून खिडकीपर्यंत लोंबणारी चपटी वायर, हा त्या काळच्या घराचा शिरपेच होता. हिवाळ्यात कापसाचा चुकारा हाती आला की ज्या घरात टीव्ही येई, त्या घराची ही खूण दोन गल्ल्यांवरून दिसे.

हा काड्यांचा अँटेना मूळचा जपानी. तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली तो मांडला. त्यातली एकच काडी, वळवून दुहेरी केलेली, तारेला जोडलेली असते. तिच्या मागची किंचित लांब काडी लहर परतवते. पुढच्या आखूड काड्या लहरीला वाट दाखवतात. काडीची लांबी लहरीच्या निम्म्याने ठरते. ६२ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या चॅनलला ती सव्वादोन मीटरच्या पुढे जाते. १७५च्या पुढे ऐंशी-पंच्याऐंशी सेंटीमीटर पुरतात. या अँटेनाचा गुण आणि दोष एकच: त्याला एका वेळी एकच दिशा दिसते. वारा आला, माकडांनी उड्या मारल्या की काड्यांचे तोंड फिरे आणि चित्र जाई.

मग एकाने छपरावर चढावयाचे, दुसऱ्याने दारात उभे राहावयाचे, तिसऱ्याने टीव्हीसमोर बसावयाचे. वरून हाक येई, "आलं काय?" खालून उत्तर जाई, "नाई, मुंग्याच दिसून राह्यल्या!" पुन्हा पाइप फिरे. "आता?" "आलं, आलं! आता हालवू नोको!" आणि वरच्याने हात काढताक्षणीच, "गेलं ना बाप्पा!"

२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात 'रामायण' दाखवले गेले. त्यानंतर २ ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत' सुरू झाले, ते २४ जून १९९० पर्यंत चालले. त्या साडेतीन वर्षांत रविवारी सकाळी हा संवाद वऱ्हाडातल्या किती छपरांवरून झाला असेल, याची गणती नाही. दूरचित्रवाणीवरून आमच्या गावात शुद्ध हिंदी उतरत होती, आणि ती उतरवून घेण्याचे काम शुद्ध वऱ्हाडीत चालले होते. पडद्यावर ही भाषा आली नाही. छपरावर मात्र तिच्यावाचून पडदा लागत नव्हता.

*

तिसरा थर लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या छिद्रांचा. यातील छिद्राची रचना 'रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' या कंपनीने १९३०च्या दशकात ग्रामोफोन रेडिओला जोडण्यासाठी वापरात आणली. म्हणून तिला 'आरसीए पिन' म्हणतात. लाल उजव्या बाजूच्या आवाजाची, पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची, आणि पिवळी चित्राची. पिवळ्या तारेतून उजेड, रंग आणि ओळींची शिस्त असे सारे एकत्र कालवून पाठवले जाते. त्यामुळे चित्र थोडे पुसट येते. पण तार एकच लागते.

ही पिन आमच्याकडे आणली व्हीसीआरने. जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस ही पद्धत १९७६ साली बाजारात आणली. ऐंशीच्या दशकात ती आमच्या भागात पोहोचली. सुरुवातीला व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने मिळत. गणपतीत, बारशाला, नाहीतर नुसतेच वर्गणी काढून, रात्रभरात तीन-तीन चित्रपट पाहिले जात. जुन्या टीव्हीला पिवळे छिद्र नसे. तेव्हा व्हीसीआरचे चित्र अँटेनाच्याच तोंडातून, एका ठरावीक चॅनलवर लावून घ्यावे लागे. म्हणजे टीव्हीच्या दृष्टीने खोलीतला व्हीसीआर हेही दूरचे एक प्रक्षेपण केंद्रच होते. छपरावरचा अँटेना काढून त्या जागी व्हीसीआरची तार खोचली, की त्या रात्रीपुरते ते केंद्र चांदूरचे होत असे. दिल्ली बंद आणि गाव सुरू, असा हा प्रकार होता.

यातून पुढे जे घडले, ते आम्हांला या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. व्हिडिओ कॅमेरा आला. लग्नाचे 'शूटिंग' सुरू झाले. खांद्यावर जड कॅमेरा आणि सोबत डोळे दिपवणारा दिवा धरलेला एक पोरगा, अशी जोडी मांडवात फिरू लागली. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांत हा एक व्यवसायच झाला. लग्नांबरोबर साक्षगंध, वास्तुपूजन, शाळेचे स्नेहसंमेलन, गणपती विसर्जन, खंजिरीवरची भजने आणि कधीकधी प्रचारसभाही टेपवर आल्या.

रेडिओ, दूरचित्रवाणी, केबल, छत्री यांपैकी प्रत्येकाने चांदूरला बाहेरचे काही दाखवले. चांदूरने स्वतःचे चित्र स्वतः काढले आणि ते स्वतः पाहिले, ते फक्त या पिवळ्या पिनेच्या काळात. रिसीव्हरच्या पाठीवर 'आत' असे लिहिलेल्या असंख्य छिद्रांमध्ये हे एकच छिद्र असे आहे, की ज्यातून गाव गावाकडे पाहत होते.

*

चौथा थर केबलचा आणि छत्र्यांचा. १९९१च्या आखाती युद्धाने शहरांत उपग्रह वाहिन्यांची ओढ लावली. त्याच वर्षी 'स्टार टीव्ही' आले, २ ऑक्टोबर १९९२ रोजी 'झी' सुरू झाली. पाठोपाठ केबलवाले तालुक्यांपर्यंत पोहोचले. एका गच्चीवर मोठ्या छत्र्या, आत एक खोली, आणि तेथून विजेच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांवरून घरोघरी गेलेली काळी गोल तार. चपटी वायर गेली, ती येथे. तिचा विद्युत्-विरोध ३०० ओहम, गोल तारेचा ७५. दोहोंचा मेळ घालण्यासाठी 'बलून' नावाची लहानशी डबी लागत असे. नुसत्याच पिळून जोडलेल्या तारांमुळे पडद्यावर एका माणसाच्या दोन सावल्या दिसत, हे पुष्कळांना आठवत असेल.

मराठी भाषेच्या दृष्टीने हा थर महत्त्वाचा आहे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' आणि २००० साली 'ई टीव्ही मराठी' सुरू झाली. वऱ्हाडाला दिवसभर मराठी दिसू लागले. मात्र ते मराठी बहुतांशी मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातले होते. त्यात वऱ्हाडी माणूस आला, तर बहुधा विनोदापुरता आला. ज्या भाषेत उद्धव शेळके यांनी १९६० साली 'धग'मधली कौतिक उभी केली आणि तिच्या दुःखाला एवढी उंची दिली, ती भाषा पडद्यावर हशा पिकवण्याच्या कामी आली. आम्ही वर्गात 'धग' शिकवतो तेव्हा विद्यार्थी त्यातले संवाद वाचताना हसतात. त्यांच्या घरी ही भाषा गंभीरपणेही बोलली जाते; पण पडद्याने त्यांना ती हसण्याची आहे असे शिकवून ठेवले आहे.

२००३ साली 'डिश टीव्ही' आणि १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची मोफत 'डीडी डायरेक्ट प्लस' सेवा सुरू झाली. तिलाच पुढे 'डीडी फ्री डिश' हे नाव मिळाले. छपरावरच्या काड्या उतरल्या आणि लहान छत्र्या आल्या. गावाचा तोंडवळाच बदलला. अमरावतीकडे पाहणारे अँटेना वायव्येला तोंड करून होते. या छत्र्या बहुतेक साऱ्या आग्नेयेकडे पाहतात. कारण ज्या उपग्रहांकडे त्या पाहतात, ते विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आमच्या रेखांशाच्या पूर्वेला आहेत. अमरावती, नागपूर, मुंबई, दिल्ली यांपैकी कोणतेच गाव त्या दिशेला नाही. दिशा उरली, पण तिच्या टोकाला गाव उरले नाही.

केबलचे सक्तीचे डिजिटलीकरण २०१२ साली महानगरांपासून सुरू होऊन २०१७ पर्यंत ग्रामीण भागापर्यंत आले. दूरदर्शनचे जमिनीवरून होणारे ॲनालॉग प्रक्षेपण, सीमाभागासारखी सुमारे पन्नास ठिकाणे वगळता, मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात आले. ज्या प्रक्षेपकासाठी आमच्या पिढीने पाइप फिरवले, तो असा शांतपणे निवृत्त झाला. त्यापूर्वी, २०२०च्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवले गेले. चित्र स्वच्छ होते, मुंग्या नव्हत्या. पहिल्या वेळी एका घरात अर्धी गल्ली मावत असे. या वेळी प्रत्येक जण आपापल्या घरात होता. छपरावर कोणी चढले नाही आणि कोणी कोणाला हाक मारली नाही.

*

पाचवा आणि सध्याचा थर एचडीएमआयचा. हिताची, सोनी, फिलिप्स, तोशिबा आदी सात कंपन्यांनी मिळून डिसेंबर २००२ मध्ये ही जोडणी जाहीर केली. १९ टोकांच्या एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. सेट-टॉप बॉक्स, डिस्क-प्लेअर, संगणक ही साधने रिसीव्हरच्या 'इन' लिहिलेल्या छिद्रांत आणि रिसीव्हरचे 'आउट' टीव्हीत, एवढीच जोडणी. २००९च्या सुधारणेपासून टीव्हीचा आवाजही त्याच तारेने उलट रिसीव्हरकडे येऊ शकतो. त्यासाठी दोन्हीकडे 'एआरसी' लिहिलेले तोंडच निवडावे लागते. सोय मोठी आहे, हे मान्यच केले पाहिजे.

तथापि, या तारेच्या दोन टोकांना आधी एकमेकांची ओळख पटावी लागते. नक्कल रोखण्यासाठी घातलेल्या कुलपामुळे दोन्ही यंत्रे क्षणभर सांकेतिक बोलणी करतात, आणि ती जुळली नाहीत तर पडदा काळाच राहतो. जुन्या अँटेनाचे बिनसले तर मुंग्या दिसत आणि त्यांच्याआडून थोडे तरी चित्र दिसे. आता असेल तर सर्व, नाहीतर काहीच नाही.

आणि या थराने तिसरा थर झाकून टाकण्यास आरंभ केला आहे. नव्या रिसीव्हरांवर पिवळी छिद्रे कमी होत चालली आहेत. नव्या टीव्हींवर ती एकतर नसतातच, नाहीतर हेडफोनच्या आकाराच्या एका लहान छिद्रात तिन्ही मिसळलेली असतात आणि त्यासाठी वेगळी तार मागवावी लागते. व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. आमच्या भागात कपाटांच्या वरच्या फळीवर, सुटकेसमध्ये, धान्याच्या कोठीशेजारी कॅसेटी पडून आहेत. त्यांना वाचणारे यंत्र आता जन्माला येणार नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक वापरलेला रिसीव्हर आणि दुरुस्त केलेला व्हीसीआर जोडला, तो याच कॅसेटींसाठी. त्यातली एक १९९३ सालच्या लग्नाची होती. त्या काळी लग्नाच्या कॅसेटीतला मूळ आवाज काढून त्यावर चित्रपटांची गाणी बसवण्याची रीत होती. ही कॅसेटही तशीच. नवरी हळद लावून बसली आहे, बाया बोलत आहेत, त्यांचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू येते ते मात्र मुंबईचे गाणे. पंगत, वरात, पाठवणी, सर्वत्र गाणीच. गावाने एकदाच स्वतःचे चित्र काढले आणि त्यातही आवाज बाहेरचाच लावला, हे पाहून आम्हांला काहीसे वाईट वाटले.

पण मध्येच कोठेतरी गाणे बसवायचे राहून गेले होते. सुमारे दोन मिनिटे मांडवाचा खरा आवाज आला. भांड्यांचा, पोरांचा, आणि त्यावर एका वृद्ध बाईचा: "अवं, पोरीनं सकायपासून काई खाल्लं नाई. घोटभर पानी तं द्या तिले कोनी!" ती बाई आता नाही. घरातल्यांनी तिचा आवाज तीस वर्षांनी ऐकला. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने सांगितले, की टेप मागे घ्या. आम्ही ती दोन मिनिटे पुन्हा पुन्हा पाहिली.

या जिल्ह्यातल्याच शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो, तो १९५६च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले म्हणून. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. आयुष्यभर त्यांनी गावोगाव कीर्तने केली. यंत्र मात्र त्यांच्या शेवटच्या दिवसांत भेटले. त्या एका मुद्रणामुळे वऱ्हाडीत गंभीर, समर्थ, प्रश्न विचारणारे बोलणे कसे असते, ते कळते. त्या मांडवातल्या बाईला कोणी संत म्हणणार नाही. पण तिच्या त्या दोन वाक्यांतली भाषाही तीच आहे, आणि तिच्यातही हसण्यासारखे काही नाही. अशी दोन-दोन मिनिटे तालुक्यातल्या किती कॅसेटींत दडलेली असतील?

म्हणून शेवटी थोडे व्यवहाराचे. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत, त्यांनी प्रथम त्या उजेडात धरून पाहाव्यात. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. फीत तुटते आणि बुरशी यंत्रात जाऊन पुढच्या कॅसेटीही बिघडवते. ती जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावी. चांगली दिसणारी कॅसेटही आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. व्हीसीआरच्या 'आउट'मधून पिवळी, पांढरी आणि लाल तार रिसीव्हरच्या एकाच नावाच्या 'इन'मध्ये लावावी. पिवळी एका ठिकाणी आणि लाल-पांढरी दुसऱ्या ठिकाणी लागली, तर चित्र दिसते पण आवाज येत नाही. रिसीव्हर जुने चित्र एचडीएमआयमध्ये बदलून देणारा नसेल, तर त्यापासून टीव्हीपर्यंतही पिवळीच तार न्यावी लागते. पाहण्याबरोबरच ते संगणकात उतरवून घ्यावे. त्यासाठी याच तीन पिना घेणारी लहानशी डबी बाजारात मिळते. आणि उतरवताना घरातले एखादे वडीलधारे माणूस शेजारी बसवून, पडद्यावर कोण कोण दिसते त्यांची नावे वहीत लिहून घ्यावीत. नावे सांगणारी माणसे कॅसेटीपेक्षाही लवकर संपतात.

फितीवरचे चुंबकीय चित्र दोन-तीन दशके धरले तरी पुष्कळ झाले, आणि आमच्या भागातल्या बहुतेक कॅसेटींनी तेवढे वय केव्हाच ओलांडले आहे. छपरावरून मारलेली हाक कोणीच टेप केली नाही, ती गेली. मांडवातली अजून आहे. ती ऐकण्यासाठी छपरावर चढायचे नाही, फक्त खोक्याच्या मागे वाकून पिवळे छिद्र शोधायचे आहे. ते अजून सापडते.